हाताशेजारी हात

घाट उतरून येणाऱ्याला परतवाडा आधी भेटतं. धारणीहून सेमाडोहमार्गे निघालेली एसटी, चिखलदऱ्याची काळी-पिवळी, सागाचे ट्रक, सगळे इथं येऊन सपाटीला लागतात. मेळघाटातल्या माणसाचा बाजार इथं, आणि दुखणं मोठं असलं तर दवाखानाही आधी या परतवाडा-अचलपूरच्या जोडगावातच. बसमधून लेकरू कडेवर घेऊन उतरणाऱ्या बायांत एखादी अशी असते, जिनं भर उन्हाळ्यात बाळाचे पाय फडक्यात गुंडाळलेले असतात. फडकं बाजूला केलं की दिसतं: पाऊल आत वळलेलं, टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे तोंड करून.

डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. हजार बाळांमागे साधारण एका-दोघांत हे व्यंग जन्मतः असतं. मुलींपेक्षा मुलांत दुप्पट, आणि निम्म्या बाळांत दोन्ही पायांना. बाळाला ते दुखत नाही, म्हणून घरच्यांना घाई वाटत नाही. लेकरू उभं राहायला लागलं की मात्र ते पावलाच्या बाहेरच्या कडेवर, कधी पाठीवर चालतं, तिथं घट्टे पडतात, चप्पल बसत नाही, शाळेचा रस्ता लांब होतो. आणि हे सगळं टळू शकतं. पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू केला, तर बहुतेक पावलं मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतात.

मग ती सरळ कुणी करायची? हाडांच्या डॉक्टरनंच, की नीट शिकवलेल्या सिस्टरनं, फिजिओथेरपिस्टनं, प्लास्टर टेक्निशियननं? हा प्रश्न मला अनेक दिवस सोडत नाही. माझ्या मनात त्याच्या दोन बाजू दोन माणसं होऊन बोलतात. एक परतवाड्यातले निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ, दुसरी त्यांची फिजिओथेरपिस्ट भाची. माणसं कल्पनेतली आहेत, त्यांचा वाद खरा आहे. प्रशिक्षणाच्या आदल्या संध्याकाळी भाची मामांकडे मुक्कामाला आली आहे आणि जेवणाच्या टेबलावर तिनं सामान मांडलं आहे.

मामा : हा रबराचा पाय कशासाठी?

भाची : उद्याच्या प्रशिक्षणासाठी, मामा. बाळाच्या पायाला हात लावण्याआधी यावर सराव करायचा.

मामा : कोण कोण येऊन राहिलं?

भाची : बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांतले आयुष डॉक्टर, दोन फिजिओथेरपिस्ट, प्लास्टर टेक्निशियन, काही सिस्टर. दुपारून आशाताई आणि अंगणवाडी सेविका.

मामा : अन् हाडांचे डॉक्टर?

भाची : एक. टाचेची शीर मोकळी करायचं काम त्यांचं.

मामा : म्हणजे बाकीचे सगळे प्लास्टर घालणार. किती दिवसांत शिकवणार तू?

भाची : दोन दिवसांत.

मामा : राग मानू नको, पण मला हे पटत नाही. एमबीबीएसनंतर हाडांचं शिक्षण घेतलं, तरी तान्ह्या बाळाचं पाऊल हातात घेताना माझा श्वास थांबायचा. बोटाएवढी हाडं, अर्धी तर अजून कुर्चाच. जोर जास्त लागला तर पाऊल मधूनच मोडल्यासारखं होतं, तळवा होडीच्या तळासारखा फुगतो. प्लास्टर घट्ट झालं तर बोटं काळी पडतात, सैल झालं तर खाली घसरून पाय आणखी बिघडवतं. हे सगळं तू दोन दिवसांत सिस्टरच्या हाती देणार?

भाची : तुम्ही सांगितलेला एकेक धोका खरा आहे. मी उद्या तेच शिकवणार आहे.

मामा : धोक्याहूनही एक मोठी गोष्ट आहे. पुण्या-मुंबईच्या बाळाला सर्जन मिळणार अन् सेमाडोहच्या बाळाला दोन दिवस शिकलेली सिस्टर. गरिबाचा पाय कमी मोलाचा असतो का? आयुष्यभर पाहत आलो मी. डोंगरातल्या माणसाला जे द्यायचं ते अर्धंच, अन् वरून म्हणायचं, काही नाही त्यापेक्षा बरं.

भाची : हा प्रश्न तुम्ही विचारला नसता तर मीच काढला असता. गरिबाला स्वस्तातलं म्हणून हे द्यायचं असेल, तर उद्याचं प्रशिक्षण मी रद्द करते. पण हातानं पाऊल वळवून दर आठवड्याला प्लास्टर घालायची ही पोन्सेटी पद्धत श्रीमंत देशांतही फिजिओथेरपिस्ट वापरतात. कॅनडात टोरांटोच्या बालरुग्णालयात सर्जनांनी केलेले आणि फिजिओथेरपिस्टांनी केलेले उपचार शेजारी ठेवून पाहिले. 2009 साली ते छापून आलं. फिजिओथेरपिस्टांचा हात कुठं उणा पडला नाही. मलावीत हाडांचं काम शिकलेल्या पण डॉक्टर नसलेल्या क्लिनिकल ऑफिसरांनी हीच प्लास्टरं घातली, त्यांचे चांगले निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. टोरांटो आणि मलावी यांच्यात बाकी काही सारखं नाही, पण बाळाचं पाऊल सारखं आहे.

मामा : परदेशातले कागद मला दाखवू नको. तिथं चूक झाली तर सावरायला माणूस बसलेला असतो. इथं चूक झालेलं लेकरू घाट चढून परत जातं अन् वर्षानं दिसतं.

भाची : बरं, कागद राहू द्या. हा पाय हातात घ्या. डावा आहे. तुम्ही तो कसा सरळ कराल, ते दाखवा.

मामा : हा असा. पुढचं पाऊल बाहेर वळवायचं, अन् या हाताच्या अंगठ्यानं बाहेरच्या कडेला मधोमध रेटा द्यायचा.

भाची : अंगठा नेमका कुठं आहे?

मामा : टाचेच्या हाडाच्या पुढच्या सांध्यावर.

भाची : तो थोडा मागं आणि वर घ्या. घोट्याच्या हाडाचं डोकं तिथं बाहेर आलेलं लागेल. टेकू तिथं द्यायचा. तुम्ही धरलं होतं तिथं धरलं की टाचेचं हाड अडतं. पाऊल वळल्यासारखं दिसतं, पण टाच जागची हलत नाही.

मामा : आम्हाला असंच शिकवलं होतं. काईट यांची पद्धत.

भाची : हो. आपली ही पद्धत बसवणाऱ्या डॉ. पोन्सेटींनी याच अंगठ्याला काईटची चूक म्हटलं. ते म्हणायचे, टाचेला हातच लावू नका. घोट्याच्या हाडाला टेकू देऊन पाऊल बाहेर नेलं की टाच आपणहून सरळ होते. आणि पहिल्या प्लास्टरला तर आपल्याला वाटतं त्याच्या उलटंच करायचं असतं. अंगठ्याकडची बाजू वर उचलायची, म्हणजे आधी पावलाची खोलगट कमान मोकळी होते. बघणाऱ्याला वाटतं पाय आणखी वाकडा केला. आधी कमान, मग आत वळलेलं पुढचं पाऊल आणि कललेली टाच, अगदी शेवटी वर ओढलेली टाच खाली. हा क्रम मोडून घाईनं टाच खाली ओढली, की तुम्ही म्हणालात तो होडीसारखा तळवा होतो.

मामा : किती लेकरांचे पाय मी असे धरले असतील, पोरी.

भाची : त्यात तुमचा दोष नाही, मामा.

मामा : दोषाचं नाही म्हणत मी. प्लास्टर घालून पाय सुधारला नाही की आम्ही मोठी शस्त्रक्रिया करायचो. आतल्या बाजूला लांब चीर, शिरा लांबवायच्या, सांधे मोकळे करायचे. त्या दिवशी पाय सुंदर दिसायचा. दहा-बारा वर्षांनी तेच पोर मोठं होऊन यायचं. पाय सरळ, पण लाकडासारखा. म्हणायचं, डॉक्टर, शेतात चाललं की दुखते.

भाची : पोन्सेटींनी नेमकं हेच पाहिलं होतं. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. स्पेनच्या यादवी युद्धात पोन्सेटींनी जखमींची हाडं प्लास्टरनं सांभाळली, मग मेक्सिकोतल्या खेड्यात डॉक्टरकी केली आणि 1941 मध्ये अमेरिकेत आयोवाला पोचले. तिथं आधी शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे पाय पुन्हा तपासले तर ते ताठ आणि दुखरे निघाले. तेव्हा त्यांनी चाळिशीच्या दशकाच्या शेवटी ही हातानं वळवण्याची पद्धत बसवली. 1963 मध्ये लेख लिहिला. त्याकडे जवळजवळ तीस वर्षं कुणी फारसं पाहिलं नाही. 1995 साली त्यांचे जुने रुग्ण तिशी ओलांडलेले असताना पुन्हा तपासले, तेव्हा चारांतल्या तिघांहून जास्त जणांचे पाय चांगले किंवा उत्तम निघाले. 1996 मध्ये पुस्तक आलं आणि मग जग वळलं.

मामा : म्हणजे आम्ही तज्ज्ञच तीस वर्षं उशिरा पोचलो.

भाची : म्हणूनच मी म्हणते, या कामात पदवी असली की हात बरोबर पडतोच असं नाही, आणि पदवी नसली म्हणून तो चुकतोच असंही नाही. अंगठा कुठं ठेवायचा, हे ज्याला शिकवलं त्याला येतं. तुमच्या दवाखान्यात मोडलेल्या मनगटाला प्लास्टर कोण घालायचं?

मामा : आमचा कंपाउंडर.

भाची : शिक्षण?

मामा : सातवी. पण हात असा की पट्टीला सुरकुती म्हणून नाही. कापूस किती लावायचा, पाणी किती पिळायचं, त्याला सांगावं लागत नसे. माझ्यापेक्षा चांगलं प्लास्टर घालायचा तो.

भाची : मग?

मामा : मग काय! मी शेजारी उभा होतो ना. तीस वर्षं. पहिली दोन वर्षं त्याचा प्रत्येक हात मी पाहिला. नंतरही दाराआड होतोच. त्यानं हाक मारली की मी चार पावलांवर. तुझे उद्याचे विद्यार्थी परवा हाक मारतील, तेव्हा कोण ऐकणार?

भाची : …

मामा : मागच्या वेळी शिकवलेल्यांपैकी कितींना तू सहा महिन्यांनी परत भेटलीस? त्यांचा हात धरून पाहिलास?

भाची : फार थोड्यांना. खोटं बोलणार नाही. परीक्षा घेतली, प्रमाणपत्रं दिली, फोटो काढला. नंतर एका सिस्टरची बदली झाली, एक टेक्निशियन कंत्राट संपून गेला. एका लेकराचं प्लास्टर घसरत होतं, ते मला दोन महिन्यांनी कळलं. पाय आखूड, सुजलेला, तळव्याला खोल घडी पडलेली, अंगठा वर उचललेला. घसरलेल्या प्लास्टरनं पाय असाच अवघड होऊन बसतो. तो सावरला, पण दुप्पट प्लास्टरं लागली.

मामा : तू सांगितलंस, बरं झालं. मी याच भीतीनं बोलून राहिलो. सिस्टर शिकणार नाही, असं मी म्हणत नाही. शिकवणारा निघून जातो, असं म्हणतो.

भाची : मग उपाय सांगा. नुसतं थांबवू नका.

मामा : आधी हिशेब करू. एखाद्या तालुक्यात वर्षाला चार हजार बाळंतपणं धर. हजारी एक-दोन म्हणजे चार ते आठ लेकरं. ती पाच-सहा आरोग्य केंद्रांत वाटली तर एकाच्या वाट्याला वर्षाला जेमतेम एक. वर्षातून एकदा प्लास्टर घालणारा हात शिकलेलं टिकवेल की विसरेल?

भाची : विसरेल.

मामा : मग गावोगाव प्लास्टर घालणारे कशाला घडवतेस? धारणी, चिखलदरा, अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव, सगळीकडची लेकरं एका जागी, एका वारी येऊ दे. दोन-तीनच हात, पण नेहमी वापरातले. शेजारी हाडांचा डॉक्टर. बाकीच्यांना फक्त ओळखायला शिकव.

भाची : देशातल्या अनेक सरकारी रुग्णालयांत हेच घडतंय. क्युअर इंडिया ही संस्था 2009 पासून रुग्णालयांना ठरल्या वारच्या क्लबफूट क्लिनिकसाठी हात देते. प्लास्टर रुग्णालयात होतं, समुपदेशक आणि बूट संस्थेकडून येतात. आणि वार ठरलेला असला की अजून एक गोष्ट होते. आया एकमेकींना भेटतात. चौथ्या प्लास्टरची आई पहिल्या प्लास्टरच्या आईला पाय उघडून दाखवते. माझ्या दहा वाक्यांनी होत नाही ते तिथं होतं.

मामा : मग त्यात अडचण काय?

भाची : अडचण घाटात आहे. दर आठवड्याला एक याप्रमाणे पाच ते सात प्लास्टरं. दर वेळी बाळ, बाळाची आई आणि बहुतेक वेळा बाप. प्रत्येक फेरीला दोघांचा रोज बुडतो, वर तिकीट. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडीच येत नाही. तुमची एक जागा मला मान्य आहे. पण ती जागा अमरावतीला असली तर डोंगरातलं लेकरू तिसऱ्या प्लास्टरनंतर येणं सोडतं. ती परतवाड्यात हवी, आणि जमलं तर दुसरी धारणीत. तितक्या सगळ्या जागी हाडांचा डॉक्टर दर आठवड्याला बसणार आहे का?

मामा : नाही बसणार. मला माहीत आहे.

भाची : मग तिथला हात कुणाचा असणार, हे ठरलेलंच आहे. त्याच्या शेजारी कुणी असावं, एवढंच आपल्याला ठरवायचंय.

मामा : फोनवर? मोबाईलवर फोटो पाहून प्लास्टर कळत नाही, बाई.

भाची : पूर्ण कळत नाही, पण पाय कुठवर आला ते कळतं. त्यासाठी पिरानी यांची मोजणी आहे. सहा खुणा: तीन टाचेकडच्या, तीन मधल्या पावलाच्या. प्रत्येकीला शून्य, अर्धा किंवा एक. सगळ्यांत वाकडा पाय सहा, सरळ पाय शून्य. ती सिस्टरलाही घेता येते. आकडा दर आठवड्याला उतरायला हवा. दोन आठवडे तिथंच अडला तर लेकरू मोठ्या केंद्राकडे पाठवायचं, वाट पाहायची नाही. आणि महिन्यातून एकदा शिकवणाऱ्यानं स्वतः जाऊन शेजारी उभं राहायचं. आफ्रिकेसाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहभागानं जो अभ्यासक्रम तयार झाला, त्यातही पायऱ्या आहेत. आधी प्राथमिक, मग प्रगत, आणि त्यांच्यातूनच पुढचे शिकवणारे घडवायचे.

मामा : हे उद्याच्या कार्यक्रमपत्रिकेत आहे का?

भाची : नाही. घालते.

मामा : अन् ज्यानं पुढच्या महिन्यात हात दाखवला, त्यालाच प्रमाणपत्र. उद्या कुणालाच नाही.

भाची : लोक नाराज होतील.

मामा : होऊ दे. गडचिरोलीत बंग पती-पत्नींनी गावातल्या बायांना आरोग्यदूत केलं, तान्ह्या बाळांना इंजेक्शन द्यायला शिकवलं, तेव्हा आमच्यातले कितीतरी डॉक्टर खवळले होते. मीही त्यातलाच. नंतर 1999 च्या ‘लॅन्सेट’मध्ये वाचलं. 39 गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. त्यात माझ्या लक्षात राहिली ती एक गोष्ट: डॉक्टर दर पंधरा दिवसांनी गावात जाऊन त्या बाईचं काम तपासायचा. पेशंट तपासायला नाही जायचा, तिचं काम तपासायला जायचा.

भाची : आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्या भेटी या कामातूनच देशभर गेल्या. तिला मी उद्या एवढंच शिकवणार: बाळाचे मोजे काढ. पाऊल आत वळलेलं दिसलं तर हळूच बोट फिरवून बाहेर आण. सहज आलं तर गर्भात अवघडून बसल्यामुळे वळलं असेल, तरी डॉक्टरला दाखव. ताठ राहिलं तर त्याच आठवड्यात पाठव.

मामा : पाठवली तरी येते का? सासू म्हणते, ग्रहणात हिनं विळा हाती घेतला होता. गावचा वैदू, भूमका, काहीतरी बांधून देतो.

भाची : म्हणून तर आशाताई हवी. ती कोरकूत बोलते. आईला तिनं हे सांगायला हवं की तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. विळ्यानं नाही झालं, ग्रहणानं नाही झालं. हे ऐकल्याशिवाय ती आई पाय फडक्यातून बाहेर काढत नाही. अन् प्लास्टर घातलेलं लेकरू गावात गेलं की पहारा आशाताईचाच. बोटं दिसतात का? दाबली की पांढरी आणि सोडली की गुलाबी होतात का? निळी पडली, सुजली, किंवा प्लास्टरच्या आत दिसेनाशी झाली, तर उद्याची वाट पाहायची नाही. प्लास्टर पाण्यात भिजवून सोडायचं आणि खाली आणायचं.

मामा : बोटं आत गेली म्हणजे प्लास्टर घसरलं. हे तिला कळलं असतं तर तुझ्या मागच्या लेकराचा त्रास वाचला असता.

भाची : हो, मामा. ते लेकरू डोळ्यांसमोर आहे, म्हणूनच उद्या आशाताईंना अर्धा दिवस दिलाय.

मामा : चल, प्लास्टरं झाली. पुढं?

भाची : पुढं खरी परीक्षा. प्लास्टरांत दीड-दोन महिने जातात, बूट चार वर्षं असतात. दोन बूट, मधून दांडी. पहिले तीन महिने तेवीस तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार वर्षांचं होईपर्यंत. आयोवातल्या एका अभ्यासात, ज्या घरांनी बूट नीट वापरले नाहीत त्यांच्या दहातल्या आठांहून जास्त मुलांचे पाय पुन्हा वळले. वापरले त्यांच्यात शंभरात सहा.

मामा : मग अर्धा रोग प्लास्टरच्या खोलीत बरा होतो, अर्धा घरात.

भाची : आणि घरात ना तुम्ही असता, ना मी. पाय सरळ दिसतोय, लेकरू रडतंय, सासू म्हणते काढ ते लोखंड. दिवाळीनंतर कुटुंब कामाला बाहेर पडतं आणि होळीला परततं. बूट घरीच राहतात, किंवा लहान होतात आणि नवे मिळत नाहीत. इथं कुठलाही सर्जन उपयोगी नाही. तिथं शेजारी राहणारी बाईच लागते.

मामा : बूट लहान झाले तर? दर वेळी त्या संस्थेकडून दिल्लीहून येणार?

भाची : युगांडात स्टीनबीक नावाच्या माणसानं तिथल्या चामड्याचे आणि लोखंडी सळईचे बूट बसवले, तिथल्याच कारागिरांकडून. परतवाड्याला तर अशा कामाची ओळख आहे. कोठाऱ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयानं या भागाला शिकवलंय की पायाला मानवेल असं पायताण हेसुद्धा औषध असतं. आपला चांभार बूट शिवेल. दांडीचा कोन मात्र आपण तपासायचा, वाकड्या पायाकडचा बूट साठ-सत्तर अंश बाहेर वळलेला हवा.

मामा : हे सगळं मला पटलं. एक पटणार नाही. टाचेची शीर.

भाची : दहातल्या आठ-नऊ पायांना ती कापावी लागते. जागा बधिर करून बारीकशी चीर, टाका नाही, मग तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. तेवढ्यात शीर पुन्हा जुळून येते, लांब होऊन. काही देशांत हेही शिकलेले क्लिनिकल ऑफिसर करतात.

मामा : करू दे. त्या शिरेच्या शेजारून रक्तवाहिनी जाते, नस जाते. सुरी डॉक्टरच्याच हाती. हे मी सोडणार नाही.

भाची : आणि त्या एका चिरेसाठी डॉक्टर मिळेपर्यंत लेकरू महिनाभर थांबलं, तर? तोवर मिळवलेलं वळण सुटायला लागतं.

मामा : मग डॉक्टरला महिन्यातून दोनदा इथं यायला भाग पाडा. सुरी खाली देऊ नका, डॉक्टर खाली आणा.

भाची : हे आज मिटणार नाही आपलं.

मामा : नाही मिटणार. तरी तू लिहून ठेव, मी काय म्हणालो ते. ओळखायला सगळ्यांचे डोळे. प्लास्टरला मोजकेच हात, पण सरावातले, अन् शेजारी कुणीतरी. बुटासाठी गावातली बाई. सुरी एकाचीच. यातलं एकही सुटलं तर बाकीचं फुकट.

भाची : लिहिलं. आता एक मागणं आहे, मामा. उद्या पहिलं लेकरू सकाळी नऊला येतंय, अकरा दिवसांचं. आईच्या मांडीवर, तोंडात स्तन, म्हणजे पाय सैल राहतो. प्लास्टरला दोघं लागतात, एकानं पाऊल धरायचं आणि दुसऱ्यानं कापूस-पट्टी गुंडाळायची. तुम्ही याल?

मामा : डॉक्टर म्हणून?

भाची : शेजारी उभं राहायला.

मामा : येतो. पण पाऊल तू धर. माझा अंगठा अजून जुन्या जागेवर जातो. पट्टी मी गुंडाळतो, कंपाउंडरला पाहून पाहून तेवढं तरी मला येतं.